कवटीछाप न्याय

वर्तमानपत्र हातात आले की माणूस कुठले पान आधी उघडतो यावरून त्याचा स्वभाव ओळखावा. कुणी शेअरबाजार उघडतो, कुणी राशिभविष्य, आणि एका विशिष्ट वयानंतर सगळेच निधनवार्ता. मी वाचकांचा पत्रव्यवहार उघडतो. पहिल्या पानावरच्या बातम्या लिहिणारी माणसे पगारी असतात. पत्र लिहिणारा मात्र स्वतःच्या पैशाने तिकीट लावून रागावलेला असतो. पदरमोड करून रागावलेल्या माणसाइतका प्रामाणिक लेखक शोधून सापडायचा नाही.

हीच खोड मला कॉमिक्सच्या बाबतीतही लागली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग पसरलेले असत त्या काळात अमेरिकन कॉमिक्सही त्यात सापडत. मुखपृष्ठ अर्धे फाटलेले, मधली दोन पाने बेपत्ता, आणि कुणा अज्ञात बालकाने खलनायकाला पेनने मिशा काढलेल्या. पण पत्रांचे पान बहुधा शाबूत असे, कारण त्यात चित्रे नसल्यामुळे ते कुणी हाताळलेलेच नसे! मारामारी सोडून मी ते वाचत बसे. आजकाल हीच कॉमिक्स गुळगुळीत कागदावर, जाड बांधणीत पुन्हा निघतात, तेव्हा पुष्कळदा हे पत्रांचे पान गाळून टाकलेले असते. म्हणजे लग्नाचा अल्बम छापायचा आणि त्यातून नेमके रुसलेले मामा वगळायचे, तसला प्रकार.

या पत्रांच्या पानाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मार्व्हल कंपनीच्या स्टॅन ली या गृहस्थांनी. आपल्याकडे संपादक वाचकाशी बोलतो तो सिंहासनावरून. 'पत्रे थोडक्यात व कागदाच्या एकाच बाजूस लिहावीत' हे त्यातले सगळ्यात जिव्हाळ्याचे वाक्य. ली यांनी सिंहासन काढून सतरंजी अंथरली. तिकडचे वाचक 'माननीय संपादक महोदय' अशी सुरुवात न करता सरळ 'प्रिय स्टॅन' लिहीत. १९६० च्या दशकात त्यांनी वाचकांना चक्क पदव्या वाटल्या. महिन्याला तीन अंक विकत घेणाऱ्याला एक पदवी, पत्र छापून आलेल्याला दुसरी. आणि एखाद्या गोष्टीतली चूक दाखवून ती चूक मुळात चूक कशी नाही हेही पटवून देणाऱ्याला एक खास बक्षीस मिळे. बक्षीस म्हणजे काय, तर टपालाने एक रिकामे पाकीट! पाकिटावर छापलेले असे की आत तुमचे बक्षीस आहे. आत काही नाही. काही वाचकांनी म्हणे 'बक्षीस वाटेत पडलेले दिसते' अशी तक्रारही केली. आपल्याकडच्या संपादकांनी आजवर इतकी पाकिटे 'साभार परत' पाठवली, पण ती निदान भरलेली असत, आणि तरीही ज्याला मिळे तो जन्माचा वैरी होई. इथे रिकामे पाकीट मिळालेला पोरगा ते जपून ठेवी.

अशा या पत्रलेखकांत न्यूयॉर्कचा एक तेरा वर्षांचा मुलगा होता. गेरी कॉनवे त्याचे नाव. 'फँटास्टिक फोर'च्या ५० व्या अंकात, म्हणजे मे १९६६ मध्ये, त्याचे पत्र छापून आले. आपल्याकडे पत्र छापून आलेला माणूस दुसरे पत्र लिहितो. हा मुलगा एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा स्पायडरमॅनचा लेखक झाला. पत्र लिहिणाराच गादीवर बसल्याची अशी उदाहरणे विरळा.

गादीवर बसल्याबसल्या त्याने काय केले, तर जून १९७३ च्या अंकात स्पायडरमॅनच्या प्रेयसीला मारून टाकले. ग्वेन स्टेसी तिचे नाव. त्यावर वाचकांनी जो शिमगा केला तो विचारू नका. एका कागदी मुलीसाठी हजारो घरांत सुतक होते आणि सुतकातली माणसे शाई वाळायच्या आत पत्र टाकीत होती. शेवटी कंपनीला तिला, निदान तिची हुबेहूब प्रतिकृती म्हणून, १९७५ मध्ये पुन्हा उभी करावी लागली. म्हणजे वाचक काय करू शकतो हे कॉनवेला चांगले कळलेले होते. अशा माणसाने पुढच्या वर्षी जे केले त्याला मी धाडस म्हणणार नाही, पण निरागसपणाही म्हणणार नाही.

फेब्रुवारी १९७४ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन', अंक १२९, किंमत २० सेंट. (फेब्रुवारीचा म्हणजे बाजारात आला आधीच्या वर्षीच. ऐन दिवाळीनंतर दिवाळी अंक काढणाऱ्या आपल्या लोकांना हे अघोरी वाटेल.) मुखपृष्ठावर एक नवा माणूस. काळा घट्ट पोशाख, हातात दुर्बीण लावलेली बंदूक आणि छातीभर एक पांढरीफेक कवटी. हा पनिशर.

नावाची गोष्ट गमतीची आहे. कॉनवेच्या मनात 'मारेकरी' अशा अर्थाचे नाव होते. ली म्हणाले, पनिशर ठेवा. त्याच नावाचा एक यंत्रमानव त्यांच्याच 'फँटास्टिक फोर'च्या ४९ व्या अंकात येऊन गेला होता. म्हणजे कॉनवेचे पत्र छापून आले त्याच्या नेमका आदला अंक! कवटीचीही तीच तऱ्हा. कॉनवेने काढलेल्या कच्च्या चित्रात ती छातीच्या एका बाजूला, खिशावरच्या बिल्ल्याएवढी होती. कंपनीचे चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती फुगवून छातीभर केली आणि तिचे दात लांबवून पोटावर आणले, म्हणजे पट्ट्यावरच्या काडतुसांच्या पिशव्यांसारखे ते दिसावेत. एक बिल्ला मोठा झाला एवढेच. पण हा बिल्ला लहान राहिला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

'पनिशर'ला मराठीत काय म्हणावे यावर मी दोन दिवस घालवले. दंडकर्ता म्हटले तर व्यायामशाळेतला वाटतो. शिक्षक म्हणावे तर सगळाच घोटाळा, जरी माझ्या पिढीला त्यात काही घोटाळा वाटणार नाही. मग लक्षात आले की आपल्या भाषेत यासाठी एक फार जुना आणि फार चतुर शब्द आहे: शासन. गुन्हेगाराला शासन झाले पाहिजे, असे आपण म्हणतो. शासनाने लक्ष घातले पाहिजे, असेही म्हणतो. शिक्षा आणि सरकार या दोघांना एकाच शब्दात बसवणारे आपले पूर्वज धोरणी होते. दोघे एका घरात नांदतात तोवर ठीक. सरकार नावाच्या शासनाने शिक्षा नावाचे शासन करायचे सोडले, की मग कुणीतरी छातीवर कवटी रंगवून खासगी शासन सुरू करतो. खासगी शिकवणीसारखे.

आता प्रत्यक्ष गोष्ट कशी आहे? स्पष्ट सांगायचे तर बेताची आहे. रॉस अँड्रू यांची चित्रे धावती आणि चांगली आहेत, पण मारामारी चालू असताना दोघेही इतके बोलतात की आपल्या ऐतिहासिक नाटकातले सरदार मितभाषी वाटावेत. माणूस छपरावरून पडता पडता तीन वाक्यांचा परिच्छेद बोलतो आणि मग पडतो. पण त्या बोलघेवड्या गोष्टीच्या पोटात एक गोम आहे, आणि ती मला थोर वाटते.

गोम अशी. नॉर्मन ऑस्बॉर्न नावाचा एक कारखानदार मेलेला असतो. तो खरे तर स्वतःच्याच उडत्या यंत्राने मेला. पण वर्तमानपत्राने ठरवून टाकलेले असते की स्पायडरमॅनने त्याचा खून केला. जॅकल नावाचा एक कारस्थानी इसम हेच आपल्या कवटीवाल्याच्या कानात ओततो आणि त्याला स्पायडरमॅनवर सोडतो. जॅकल म्हणजे कोल्हा. पंचतंत्र वाचलेल्या कुठल्याही मराठी मुलाला पुढचे सगळे पाठ असते. दमनक कोल्हा सिंहाचे कान भरतो, सिंह बिचाऱ्या संजीवक बैलावर झडप घालतो. इथे बैल चपळ होता म्हणून वाचला, आणि शेवटी सिंहाला कळले की आपल्याला बनवले आहे.

म्हणजे पाहा, हा स्वयंघोषित न्यायाधीश वाचकांसमोर पहिल्यांदा येतो, पहिला खटला चालवतो, आणि पहिल्याच खटल्यात निरपराध माणसाला देहान्त शासन फर्मावून मोकळा होतो! पुरावा काय, तर छापून आले होते आणि एका कोल्ह्याने सांगितले. एकविशीतल्या लेखकाने पहिल्याच गोष्टीत या माणसाचा निकाल लावून ठेवला होता. हा गुन्हेगारांना मारतो, पण गुन्हेगार कोण हे याला कुणीतरी सांगावे लागते. यापलीकडे या पात्रावर टीका करायची तर टीकाकाराला जागा उरत नाही.

वाचकांनी ही टीका वाचली का? वाचली असणारच, अक्षरे मोठी होती. पण त्यांना तो माणूस आवडला. कॉनवेच्या कल्पनेत हा दुय्यम दर्जाचा खलनायक होता, फार तर एक-दोनदा यायचा. पण १३५ व्या अंकात, ऑगस्ट १९७४ मध्ये, तो पुन्हा हजर. नंतर येतच राहिला. पाहुणा म्हणून आलेल्या एखाद्या आतेभावाने हळूच बॅग माळ्यावर टाकावी तसा.

का आवडला? त्या वेळचे न्यूयॉर्क डोळ्यांपुढे आणले पाहिजे. महापालिकेची तिजोरी रिकामी, रेल्वेच्या डब्यांवर रंगाचे फवारे, संध्याकाळनंतर बागेत जाण्याची सोय नाही. १९७५ च्या उन्हाळ्यात तर पोलिसांच्या संघटनांनीच, नोकरकपातीच्या निषेधार्थ, परगावच्या पाहुण्यांसाठी एक पत्रक छापले: सायंकाळी सहानंतर रस्त्यावर फिरू नका, भुयारी रेल्वेने जाऊ नका. पत्रकाच्या मुखपृष्ठावर काय होते? बुरखा घेतलेली कवटी. त्या शहराला त्या दशकात कवटीचे इतके वेड होते की वैद्यकीय महाविद्यालयांना तुटवडा पडावा. माफियाला एकट्याने संपवणाऱ्या वीराच्या कादंबऱ्या १९६९ पासून खपत होत्या, आणि कॉनवेने आपल्या पात्राचा धागा तिथूनच उचलला होता. १९७१ मध्ये 'डर्टी हॅरी' येऊन गेला होता. जुलै १९७४ मध्ये चार्ल्स ब्रॉन्सनचा 'डेथ विश' लागला. बायकोच्या खुनानंतर बंदूक घेऊन रात्री फिरणारा एक साधा वास्तुरचनाकार. प्रेक्षक थिएटरात उभे राहून टाळ्या वाजवत. ज्या ब्रायन गारफिल्ड यांच्या १९७२ च्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला, ते मात्र या टाळ्यांनी हैराण झाले. त्यांना सांगायचे होते की हा रस्ता वाईट आहे. लोकांना वाटले, रस्ता मिळाला. गारफिल्ड यांनी आपले म्हणणे नीट समजावे म्हणून १९७५ मध्ये दुसरी कादंबरी लिहिली. तिची आठवण आज कुणाला विचारावी?

आपणही तेव्हा फार वेगळे होतो असे नाही. रागावलेला नायक गोदीत एकटा दहाजणांना लोळवतो तेव्हा पिटात नाणी उडत होतीच, आणि उडवणाऱ्यांत सकाळी बँकेत ठेवीवरचे व्याज मोजणारे लोकही होते.

हे सगळे पुस्तकी झाले. वाचकांची मते म्हणतात ती प्रत्यक्ष तपासावीत म्हणून मी १२९ व्या अंकाची पुनर्मुद्रित प्रत आमच्या इमारतीत फिरवली. प्रथम दिली तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना. त्यांचा भाडेकरूशी बावीस वर्षे दावा चालू आहे. वकील तीन झाले, त्यातले दोन वारले. त्यांनी एका बैठकीत अंक वाचला, कवटीवर बोट ठेवले आणि आवाज खाली आणून विचारले, "हा कुठं भेटतो?"

मी म्हटले, "अहो, तो काल्पनिक आहे."

"तारखासुद्धा काल्पनिकच असतात हो," ते म्हणाले.

या माणसाने आयुष्यात झुरळ मारलेले नाही. पण ते हसत नव्हते. मला वाटते, १९७४ साली वीस सेंट मोजणाऱ्यांतले निम्मे तरी असेच, झुरळ न मारलेले असणार.

दुसरे वाचक म्हणजे दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. त्यांनी अंक फाईल वाचावी तसा वाचला, अंगठ्याला थुंकी लावून. मग चष्मा काढला. "गोष्ट ठीक आहे. पण एक सांगा, याच्या निकालावर अपील कुठं करायचं?"

"अपील नाही."

"मग कठीण आहे. आमच्या कोर्टात तीस वर्षांत मी एवढंच शिकलो. पहिला निकाल चुकतो. माणसं दुष्ट असतात म्हणून नव्हे, दुपारी जेवणानंतर साक्ष असते म्हणून."

तिसरा वाचक सातवीतला. त्याने पाने भराभरा उलटली आणि मत दिले, "याच्याकडे पॉवर कोणती?"

"पॉवर नाही. बंदूक आहे."

"ती काय, कुणाकडेही असते." आणि तो खेळायला गेला. अमेरिकेतल्या मोठमोठ्या समीक्षकांना हे सांगायला पुष्कळ पाने लागली आहेत. स्पायडरमॅनसारखे होण्यासाठी किरणोत्सर्गी कोळी चावावा लागतो, आणि तसले कोळी दुर्मिळ. या माणसासारखे होण्यासाठी मात्र दुकानात जावे लागते. त्याच्या लोकप्रियतेतले जे भीतिदायक आहे ते एवढेच, आणि ते सातवीतल्या मुलाला नापसंतीचे कारण वाटले.

सौभाग्यवतींचे मत निराळे होते. "रात्री लपूनछपून हिंडणारा माणूस छातीवर एवढं पांढरं कशाला काढून घेईल? लांबून दिसेल ना!" हा आक्षेप बिनतोड आहे. पुढच्या लेखकांनाही तो सुचला असावा, कारण त्यांनी उत्तर शोधून ठेवले: शत्रूने नेम धरायचा तर तो कवटीवर धरावा, तिथे चिलखत आहे. रिकामे पाकीट मिळण्याजोगे उत्तर आहे.

कॉमिक्सवर त्या काळी एक सोवळे होते हेही सांगितले पाहिजे. १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असे काही दाखवायचे नाही, प्रत्येक वेळी चांगल्याचाच जय व्हायचा आणि गुन्हेगाराला त्याच्या गुन्ह्याचे शासन व्हायचेच. १९७१ मध्ये ती थोडी सैल केली. सैल झालेल्या त्या सोवळ्यातून हा कवटीवाला आत आला. आणि गंमत अशी की नियम त्याच्याच बाजूचा होता. गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे म्हणता ना? घ्या!

पण खरी हातचलाखी झाली ती १९७५ मध्ये. वाचकांना प्रश्न पडला होता: हा असा का? तेव्हा एका जाड, कृष्णधवल मासिकात, ज्याला ही आचारसंहिता लागू नव्हती, त्याची पूर्वकथा आली. व्हिएतनामहून परतलेला सैनिक. सेंट्रल पार्कमध्ये बायको-मुलांसह सहल. टोळीवाल्यांचा एक खून त्यांच्या नजरेला पडतो आणि टोळीवाले सगळ्या कुटुंबावर गोळ्या झाडतात. हा एकटा वाचतो. वाईट वाटते, कुणाला वाटणार नाही? पण मी टीकाकार म्हणून बोलतो. इथे पात्राची जागा बदलली. इतके दिवस तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, आता फिर्यादीच्या बाकावर येऊन बसला. फिर्यादीला उलटतपासणीत कडक प्रश्न विचारला की प्रेक्षक वकिलावर चिडतात. त्या दिवसापासून पनिशरला कडक प्रश्न विचारणे अवघड झाले. दुःख हा फार मोठा परवाना आहे, आणि त्याचे नूतनीकरण दर महिन्याला करता येते.

तसे ते झालेही. १९८६ मध्ये त्याची स्वतंत्र मालिका आली. मुखपृष्ठावर चार अंकांची म्हणून जाहिरात आणि निघाले पाच. हिशेबाच्या बाबतीत तो माणूस कधीच काटेकोर नव्हता. १९८७ पासून मासिक, १९८८ मध्ये दुसरे, १९९२ मध्ये तिसरे. एका माणसाच्या दुःखावर महिन्याला तीन मासिके! आणि १९९५ मध्ये सगळी बंद. तेव्हा काही न्यूयॉर्कमधले गुन्हेगार संपले नव्हते, वाचकांच्या खिशातली नाणी दुसरीकडे वळली होती.

वाचकांचे मत याहून नागडेपणाने मोजले गेले ते प्रतिस्पर्धी कंपनीत. १९८८ च्या सप्टेंबरात बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन जगावा की मरावा यावर टेलिफोनवरून मतदान घेतले. मत ५० सेंटला एक, आणि एकाने कितीही द्यावीत. मारा म्हणणारे ५३४३, जगवा म्हणणारे ५२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतसुद्धा एवढ्या फरकाला फेरमोजणी मागतात. पत्राला तिकीट लावावे लागे, लिहावे लागे, लिहिताना राग थोडा निवे. टेलिफोनला दोनच आकडे होते. त्या जुन्या पत्रांच्या पानाबद्दल मला माया आहे ती यासाठी.

कवटी आपल्यालाही परकी नव्हती. १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या प्रत्येकाच्या जबड्यावर वेताळाच्या अंगठीची कवटी मनोमन उमटलेली आहे. ली फॉक यांचा हा वेताळ १९३६ चा. तोही मुखवट्याचा, तोही पिस्तूलवाला, तोही कुणी नेमलेला नव्हे. पण त्याची कवटी अंगठीत मावत होती, दुष्टाच्या जबड्यावर उमटे आणि दुष्ट जिवंत राही, आरशात पाहायला. शिवाय दुसऱ्या हातात वेगळी अंगठी होती, ती ज्याच्यावर कृपा करायची त्याच्यासाठी. आम्ही पोरे चहाच्या टिनच्या डब्याची झाकणे कापून अंगठ्या करत असू, आणि भांडण असे ते कृपेची अंगठी कुणी घालायची यावर. पनिशरला दुसरी अंगठी नाही.

त्याची कवटी अंकाबाहेर पडली तेव्हा वाचकांचा हिशेबच बदलला. इराकमध्ये लढणाऱ्या अमेरिकन नौदलाच्या एका खास तुकडीने ती आपल्या गाड्यांवर आणि चिलखतांवर रंगवली. तिकडून ती घरी आली आणि पोलिसांच्या मोटारींवर चढली. २०१७ मध्ये केंटकी राज्यातल्या कॅटलेट्सबर्ग नावाच्या गावात पोलिसांनी ती सरकारी गाड्यांवर लावली आणि ओरड झाल्यावर काढली. जो माणूस पोलीस कामाचे नाहीत म्हणून जन्माला आला, त्याचे चित्र पोलिसांनी गाडीवर लावायचे! आपल्या महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्याने टँकरवाल्याचा फोटो कार्यालयात लावावा तसे.

कॉनवे आता म्हातारे झाले होते. त्यांनी २०१९ मध्ये स्वच्छ सांगितले की हे पात्र म्हणजे न्यायव्यवस्था कोसळल्याची खूण आहे, आणि पोलिसांनी ती मिरवावी हे त्यांना अस्वस्थ करते. त्याच वर्षी अंकातही उत्तर आले. मॅथ्यू रोझेनबर्ग यांनी लिहिलेल्या गोष्टीत दोन पोलीस पनिशरला भेटतात, भक्तिभावाने गाडीवरची कवटी दाखवतात. तो ती खरवडून फाडतो आणि सांगतो की तुम्ही कायद्याची शपथ घेतली आहे, आदर्श हवा तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा. पंचेचाळीस वर्षांनी पात्राने वाचकांना लिहिलेले हे पत्र. उत्तर काय आले? २०२१ च्या ६ जानेवारीला अमेरिकेच्या संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात तीच कवटी काहींच्या अंगावर होती. २०२२ मध्ये कंपनीने नव्या मालिकेत तिला शिंगे लावून चिन्हच बदलले. जुन्या वाचकांनी त्यावर कुरकुर केली.

लेखकाला मी दोष देणार नाही. त्याने पहिल्याच अंकात सगळे लिहून ठेवले होते. वाचकांना दोष द्यावा तर आमच्या तळमजल्यावरचे गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. बावीस वर्षे तारखा पडलेल्या माणसाने कुणावर प्रेम करावे हे मी कोण सांगणार? फक्त वाटते की तो अंक त्यांच्या हातात असताना शेजारी शिरस्तेदार बसलेले असावेत.

परवा कर्वे रस्त्यावर सिग्नलपाशी उभा होतो. एका पोराची मोटारसायकल तांबडा दिवा ओलांडून सुसाट पुढे आली. पेट्रोलच्या टाकीवर तीच कवटी, तेच लांब दात. हवालदाराने त्याला बाजूला घेतले, मोबाइलवर गाडीच्या नंबराचा फोटो काढला आणि दंड लिहिता लिहिता टाकीकडे बोट केले. "हे काय रे? भूत?"

"असंच आहे, काका. छान दिसतं म्हणून लावलं."

मी पुढे होऊन विचारले, "याची गोष्ट वाचली आहेस का तू?"

"गोष्ट पण आहे का?" तो म्हणाला, आणि हवालदाराला विचारू लागला की थोडे कमी होणार नाहीत का.